पेंट मोजला, बॅटरी कुणी मोजली नाही: लक्झरी इलेक्ट्रिक गाडीची तीन वर्षं आणि रिसेल

लक्झरी इलेक्ट्रिक गाडीची रेंज, पिकअप, स्क्रीन यांवर भरपूर लिहिलं गेलंय आणि तुम्ही ते वाचलेलंच असणार. मी लिहितोय ते निव्वळ पैशांबद्दल. २०२२ च्या अखेरीस घेतलेली, परदेशातून पूर्ण तयार होऊन आलेली जर्मन एसयूव्ही, एक्स-शोरूम १ कोटी ८ लाख. कंपनीचं आणि मॉडेलचं नाव मुद्दाम टाळतोय. नाव घेतलं की सगळी चर्चा त्या एका लोगोभोवती फिरते, आणि हा प्रश्न या वर्गातल्या जवळजवळ प्रत्येक गाडीचा आहे.

लिहायला निमित्त झालं विम्याच्या नूतनीकरणाचं. विम्यातला घसारा ठरलेला असतो: गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी आणि चार वर्षांच्या आतली असेल तर ४० टक्के कापून आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठीची गाडीची किंमत, धरायची. यादीतली किंमत तीच धरून माझ्या गाडीची आयडीव्ही आली ६४ लाख ८० हजार. प्रीमियम या आकड्यावर भरला. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी याच आकड्यावर दावा निकाली काढणार. त्याच आठवड्यात वापरलेल्या गाड्यांच्या एका मोठ्या दुकानाने किंमत सांगितली ४३ लाख. दुसऱ्याने ४५ म्हटलं, पण "गिऱ्हाईक मिळालं तर", म्हणजे गाडी त्यांच्याकडे ठेवायची आणि वाट बघायची. कागदावरची किंमत आणि हातात येणारी किंमत यांत वीस लाखांहून जास्त फरक. वीस लाखांत माझ्या मुलीचं इंजिनिअरिंग होऊन वर पैसे उरतात. त्यामुळे हा फरक कुठून येतो, हे शोधल्याशिवाय मला स्वस्थ बसवेना.

तपासणी कशी झाली ते सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते सगळा घोळ तिथेच आहे.

दुकानाकडून एक तरुण मुलगा आला. वागायला नम्र, कामात चोख. खिशातून पेंटची जाडी मोजायचं मीटर काढलं आणि बॉनेटपासून सुरुवात केली. टक, आकडा, टॅबवर नोंद. छत, चारही दरवाजे, डिकी, खांब. बहुतेक ठिकाणी १२० ते १४० मायक्रॉन. डाव्या मागच्या दरवाजावर २६० आलं. तो थांबला, तीन ठिकाणी पुन्हा मोजलं आणि म्हणाला, "सर, हा दरवाजा रिपेंट आहे." आहेच. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणाची तरी सायकल घासली होती, ओरखडा मीच रंगवून घेतला होता, बिल आहे. बिल दाखवलं. तरीही त्या दरवाजाचे नव्वद हजार कापले गेले.

मग टायरवरचे तारखेचे आकडे, डिकीतल्या मॅटखालचा पत्रा, सीटबेल्टची मुळं. काचांवरची वर्षं जुळतात का तेही बघितलं. टॅबवरच्या फॉर्ममध्ये इंजिन ऑइल गळतीचा रकाना होता, सायलेन्सरच्या धुराचा होता, क्लचचा होता. तो ते सगळे "लागू नाही" करत खाली गेला. बॅटरीचा रकानाच नव्हता. मी विचारलं, "अरे, बॅटरीची तब्येत बघणार नाहीस?" तो म्हणाला, "सर, त्याचं आमच्याकडे काही नाही. चार्ज होतेय ना, तेवढं बघतो." प्लग लावला, हिरवा दिवा लागला, फोटो काढला, संपलं.

या गाडीत सगळ्यात महाग वस्तू कुठली? बॅटरी. गिऱ्हाईक घाबरतं कशाला? बॅटरीला. दुकानदार किंमत पाडतो कुठल्या नावाखाली? बॅटरीच्या. आणि मोजतो काय, तर दरवाजाचा रंग. सराफाने कस न लावता नुसत्या डबीवरून सोन्याची मोड ठरवावी, तसा हा व्यवहार आहे. त्या मुलावर माझा अजिबात राग नाही, त्याला जो फॉर्म दिला तो त्याने भरला. राग आहे तो फॉर्म बनवणाऱ्यांवर.

दुकानाच्या मालकाशी फोनवर बोललो. त्याचं म्हणणं सरळ होतं: "साहेब, बॅटरी गेली तर तीस-चाळीस लाख. ती रिस्क मी घेऊ का? मी आधीच धरून चालतो." धरून चालतो, म्हणजे प्रत्येक गाडीची बॅटरी खराबच आहे असं समजून किंमत लावतो. चांगली बॅटरी असलेला मालक खराब बॅटरीवाल्याचा भुर्दंड भरतो.

आता दुसरी बाजू, कारण सगळाच दोष बॅटरीच्या भीतीवर टाकणंही बरोबर नाही. जुन्या गाडीची किंमत नवीच्या किमतीला बांधलेली असते आणि नवीच्या किमती घसरल्या आहेत. बीएमडब्ल्यू आयएक्स१ चं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२३ मध्ये बाहेरून तयार होऊन आली तेव्हा ६६ लाख ९० हजार. जानेवारी २०२५ मध्ये त्याच नावाची लांब व्हीलबेसची गाडी चेन्नईत बनून आली, ४९ लाखांत. पहिलीत दोन मोटर, दुसरीत एक, हे मान्य. पण जुन्या बाजारात गिऱ्हाईक मोटर मोजत नाही, "नवी ४९ ला मिळते" एवढंच म्हणतं. ज्याने सव्वा वर्ष आधी ६७ मोजले, त्याची गाडी न चालवताही उतरली. आयात शुल्काचा जो डोंगर त्या किमतीत होता, तो त्याने सरकारला दिला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडून तो वसूल होत नाही. बाहेरून तयार येणाऱ्या प्रत्येक गाडीवर हीच टांगती तलवार असते.

त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल-डिझेल एसयूव्हींवरचा एकूण कर ५० टक्क्यांवरून ४० वर आला. इलेक्ट्रिकवर आधीही ५ आणि आताही ५. म्हणजे समोरची पेट्रोल गाडी स्वस्त झाली आणि आपली होती तिथेच राहिली. त्याचाही दाब जुन्या इलेक्ट्रिकवर येतोच.

जीएसटीबद्दल एक गैरसमज मात्र सगळीकडे ऐकतो. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या बैठकीत जुन्या गाड्यांवर १८ टक्के ठरले, ते पूर्ण किमतीवर नाहीत. नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्याच्या रकमेवर आहेत. घरगुती मालकाने घरगुती गिऱ्हाइकाला विकली तर काहीच नाही. "१८ टक्के लागतात म्हणून किंमत कमी" असं कुणी सांगितलं तर तिथेच थांबवा.

इथपर्यंत माझं मत पक्कं होतं: पेट्रोल घ्यायला हवी होती असं म्हणणारे बरोबर आहेत, गाडी विकून मोकळं व्हावं. मग एका रविवारी मेव्हण्याबरोबर हिशोबाला बसलो आणि मत बदललं.

त्याची पेट्रोल एसयूव्ही साधारण त्याच किमतीची आणि त्याच सुमाराची, इथे जोडणी झालेली. तिला त्याच दुकानाने ६२ लाख सांगितले. माझ्या ४३ पुढे ६२, म्हणजे एकोणीस लाखांचा फरक, असं वरवर दिसतं. पण महाराष्ट्रात त्याने १३ टक्के रोड टॅक्स भरला होता, म्हणजे १४ लाख. मी शून्य, कारण इलेक्ट्रिकला माफी होती. (३० लाखांवरच्या इलेक्ट्रिकला ६ टक्के लावायचा प्रस्ताव २०२५ च्या अर्थसंकल्पात आला आणि त्याच महिन्यात सरकारने तो मागेही घेतला.) तर त्याचे एकूण गेले १ कोटी २२ लाख, परत येणार ६२, तोटा ६० लाख. माझे गेले १ कोटी ८ लाख, येणार ४३, तोटा ६५. राहिला पाच लाखांचा फरक.

आता इंधन. त्याची गाडी पुण्यात लिटरला नऊच्या वर जात नाही, म्हणजे किलोमीटरला साडेअकरा रुपयांच्या आसपास. माझी घरच्या चार्जिंगवर, युनिट दहा रुपये धरूनही, सव्वादोन. चाळीस-पंचेचाळीस हजार किलोमीटरला हा फरक चार लाखांच्या घरात जातो. अटल सेतूवर ऑगस्ट २०२५ पासून इलेक्ट्रिकला टोल नाही, ते वेगळंच. म्हणजे बॅटरी न मोजता, भीतीपोटी पाडलेल्या किमतीतसुद्धा दोन्ही गाड्या जवळजवळ बरोबरीत येतात. मेव्हणा म्हणाला, "दाजी, मग मीच का हसत होतो?" उत्तर त्यालाच ठाऊक.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत आयसीकार्स या गाड्यांच्या संकेतस्थळाच्या २०२५ च्या पाहणीत इलेक्ट्रिक गाड्यांनी पाच वर्षांत सुमारे ५९ टक्के किंमत गमावली, सगळ्या गाड्यांची सरासरी होती ४६ च्या आसपास. सगळ्यात जास्त पडली जॅग्वार आय-पेस, ७२ टक्के. पण लक्षात ठेवण्यासारखं म्हणजे तिच्या मागोमाग होती बीएमडब्ल्यू ७ सीरिज, साधी पेट्रोलवर चालणारी. महागडी गाडी पडतेच. इलेक्ट्रिक असल्याने ती किती जास्त पडते, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्या जास्तीच्या भागाचं उत्तर बॅटरीच्या कागदात आहे.

म्हणून मी तो कागद मिळवायला निघालो. अधिकृत सर्व्हिस सेंटरने सांगितलं, "गाडीत काही बिघाड नाही, हे लिहून देऊ. टक्केवारी लेखी देत नाही." आकडा त्यांच्या संगणकावर दिसतो, पण ज्याने कोटभर रुपये मोजले त्याला देत नाहीत. हे मला अजिबात पटलेलं नाही, आणि पुढची गाडी घेताना ही माझी पहिली अट असेल.

शेवटी भोसरीत इलेक्ट्रिक गाड्यांचंच काम करणारे एक गृहस्थ सापडले. स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीचा संगणक वाचायच्या सॉकेटला, त्यांनी छोटं यंत्र लावलं, आणि सेलगणिक व्होल्टेज मोबाइलवर उतरलं. गाडी रात्रभर उभी असल्याने सेलमधला सगळ्यात मोठा फरक फक्त बारा मिलिव्होल्ट होता, म्हणजे सेल एकसारखे. मग गाडी पार खाली उतरवून पूर्ण चार्ज केली आणि किती युनिट आत गेले ते मोजलं. एसओएच, म्हणजे नव्या बॅटरीच्या तुलनेत उरलेली क्षमता, आली ९४ टक्के. तीन वर्षांत सहा टक्के, म्हणजे वर्षाला दोन. वाहनांच्या नोंदी ठेवणाऱ्या जिओटॅब कंपनीने २०२४ मध्ये हजारो गाड्यांवरून काढलेली सरासरी वर्षाला १.८ टक्के होती, म्हणजे माझी गाडी अगदी सर्वसाधारण. वॉरंटी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तर. सत्तर आणि चौऱ्याण्णव यांत केवढं अंतर आहे बघा, आणि वॉरंटी २०३० च्या अखेरपर्यंत गाडीबरोबर आहे, मालक बदलला तरी.

तो कागद घेऊन पुन्हा दुकानात गेलो. मालकाने वाचला, परत दिला. "चांगलं आहे हो साहेब, पण हे मानणार कोण?" ४३ चे ४४ झाले. दरवाजाचे नव्वद हजार मात्र कापलेलेच राहिले.

कागद मानला तो कोल्हापूरच्या एका डॉक्टरांनी. ओळखीतून फोन आला, त्यांना अशीच गाडी हवी होती. रंगाबद्दल बोलायला लागलो तर म्हणाले, "ते दरवाजाचं असू दे हो. रिपोर्ट पाठवा, आणि खालापूरला डीसी फास्ट चार्जरवर वीस ते ऐंशी टक्के करून दाखवा, मी येतो." आले. चार्ज होत असताना दर पाच मिनिटांनी किलोवॉटचा आकडा स्वतःच्या डायरीत लिहीत होते. गाडी फार गरम होत नाही ना, पंखे कधी लागतात, पन्नासनंतर वेग किती पडतो, सगळं टिपलं. असं गिऱ्हाईक सगळ्यांना मिळो. त्यांनी ५३ म्हटलं.

मी दिली नाही. कारण एवढंच की त्या दिवसापर्यंत माझा हिशोब बदलला होता: मोठी घसरण माझी सोसून झाली आहे. आता गाडी चालवत राहिलो तर दर वर्षीची घट कमी असेल आणि वॉरंटीची पाच वर्षं शिल्लक आहेत. डॉक्टरांना तसं सांगितलं, तेही रागावले नाहीत. २०२८ च्या सुमारास, वॉरंटीची दोन वर्षं शिल्लक असताना विकायचा विचार आहे, आणि पहिला फोन त्यांनाच करणार आहे.

युरोपमध्ये फेब्रुवारी २०२७ पासून बाजारात येणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट सक्तीचा होतोय. आपल्याकडे वाहनांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे, नव्या गाडीची रेंज प्रमाणित करतेच. वापरलेल्या बॅटरीची टक्केवारी एका ठरलेल्या पद्धतीने मोजून, शिक्का मारून, आरसीबरोबर जोडायची सोय झाली पाहिजे. तोवर विकत घेणाऱ्यांनी रंगाचं मीटर बाजूला ठेवावं आणि तीन गोष्टी मागाव्यात: रात्रभर उभ्या गाडीतल्या सेलच्या व्होल्टेजचा फरक, पूर्ण चार्जला आत गेलेले युनिट, आणि वीस ते ऐंशीचा डीसी चार्ज डोळ्यांसमोर. मालक तिन्हीला तयार नसेल, तर गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या.