लाईट गेल्यावर: पॉवर स्टेशन घ्यावं की जनरेटर?

माझ्या कोकणातल्या घरात दोन्ही आहेत. जनरेटर २०२० च्या पावसाळ्यात घेतला, पॉवर स्टेशन (बॅटरी आणि इन्व्हर्टर एकत्र असलेला, उचलून नेता येणारा डबा) त्यानंतर तीन वर्षांनी. क्रम उलटा असता तर बरं झालं असतं असं आज म्हणतो, पण त्या जूनमध्ये असं म्हणायची कोणाची छाती नव्हती. ३ जूनला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात विजेचे खांब काडीसारखे मोडले. काही गावांत लाईट यायला महिना लागला. चौथ्या दिवसापासून माणूस जनरेटरखेरीज दुसऱ्या कशाचा विचारच करत नाही.

पण तसं वादळ रोज येत नाही. रोज येते ती वायरवर पडणारी माडाची झावळ, डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) उडणारा फ्यूज आणि सड्यावर कुठेतरी तुटलेला झंपर (खांबावरची जोडवायर). दोन पावसाळे मी लाईट गेल्या-आल्याच्या वेळा कॅलेंडरवर लिहिल्या. बहुतेक खंड चार तासांच्या आतले निघाले. अख्खी रात्र अंधारात गेली अशा रात्री दोन्ही हातांच्या बोटांत मावल्या. तुम्हीही आधी हेच करा. दुकानात वॉट आणि केव्हीए (जनरेटरच्या ताकदीचं माप) ऐकण्याआधी आपली लाईट किती वेळा जाते आणि किती वेळ जाते, हे ठाऊक हवं. तासांचा प्रश्न असेल तर बॅटरी, दिवसांचा असेल तर इंधन. बाकीचा सगळा हिशोब याच्या पोटात येतो.

एका युनिटात काय बसतं

मध्यम आकाराच्या पॉवर स्टेशनवर १००० वॉट-तास असं लिहिलेलं असतं. म्हणजे आपल्या बिलातलं एक युनिट. त्यातले हाती साधारण ८५० लागतात, बाकीचे आतला इन्व्हर्टर खातो. आता घर बघा. जुना छताचा पंखा ७५ वॉट घेतो. दोन खोल्यांत दोन पंखे लावले की साडेपाच तासांत डबा रिकामा, म्हणजे रात्री अकराला लावलात तर पहाटे साडेचारला घामाने जाग येणार. तेच पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचे) असतील तर एक ३० वॉटच्या आसपास घेतो, आणि तेवढ्याच बॅटरीवर दोन्ही चौदा तास फिरतात. मोठी बॅटरी घेण्यापेक्षा पंखे बदलणं कितीतरी स्वस्त पडतं, पण पंख्याची गोष्ट बॅटरी विकणारा सांगत नाही.

एलईडी दिवा ९ वॉटचा, राउटर १० च्या आसपास, मोबाइल तर काहीच नाही. (राउटर चालू ठेवून उपयोग किती, ही गोष्ट वेगळी. लाईट जास्त वेळ गेली की टॉवरचीच बॅटरी बसते आणि आपण फुकट दिवा लुकलुकवत बसतो.) एक बारकी सूचना: रात्री फक्त मोबाइल किंवा राउटर चालवायचा असेल तर स्टेशनचा एसी प्लग बंद ठेवा आणि यूएसबी किंवा १२ व्होल्टची भोकं वापरा. एसी बाजू नुसती चालू राहिली तरी दहा-वीस वॉट पिते.

फ्रीजला दिवसाला अंदाजे एक युनिट लागतं. म्हणजे भरलेल्या डब्यावर फ्रीज जेमतेम एक दिवस निघतो, तेही बाकी काही न लावता. पण फ्रीज अखंड चालू ठेवायची गरजच नसते. दार न उघडता तो चारेक तास गार राहतो. दिवसातून तीन वेळा तास-दीड तास चालवला की मासे आणि आंब्याचा रस टिकतो. हे काम जनरेटरला उत्तम जमतं.

घरात कोणाला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागत असेल तर हिशोबाची सुरुवात तिथूनच करा. पाच लिटरचं यंत्र तीनशे-साडेतीनशे वॉट घेतं, म्हणजे एका युनिटाच्या डब्यावर अडीच तास. अशा घराला लाईट गेल्याक्षणी चालू होणारी बॅटरी हवी आणि तिच्या मागे जनरेटरही हवा. मिक्सर, इस्त्री, इंडक्शन, गीझर या गोष्टी मात्र यादीतून काढाच. आंघोळीच्या पाण्याला बंब आहे, वाटपाला पाटा आहे.

खरी गोम पंपात

शहरातल्या माणसाने लिहिलेल्या सल्ल्यात एक गोष्ट हटकून नसते: आपल्याकडे लाईट गेली की पाणी जातं. विहिरीवर पंप बसला, रहाट कधीच निघाला, आणि कळशीने पाणी शेंदणारी पिढी आता गुडघे धरून बसली आहे.

पंपाला युनिटं फारशी लागत नाहीत. अर्ध्या एचपीचा पंप सहाशे-सातशे वॉट घेतो, आणि अर्ध्या-पाऊण तासात टाकी भरते. म्हणजे फार तर अर्धं युनिट. पण सुरू होताना तो क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढतो. हजार वॉटचं पॉवर स्टेशन त्या धक्क्याला बंद पडतं आणि पडद्यावर ओव्हरलोड लिहून मोकळं होतं. माझंही झालं. खोक्यावर दोन हजार वॉट ‘पीक’ (क्षणभर झेपणारा भार) असं छापलेलं होतं, पंपाला ते पुरलं नाही. एक एचपीचा पंप असेल तर दोन केव्हीएचा जनरेटरही कुरकुरतो, तीनचा घ्यावा लागतो. म्हणून पंपाच्या पाटीवरचा आकडा लिहून घ्या आणि विकणाऱ्याला तुमच्याच पंपावर मशीन चालवून दाखवायला सांगा. नाही म्हणाला तर दुसरं दुकान.

पंपापुरता एक जुना उपाय अजूनही सगळ्यात स्वस्त आहे. वादळाचा इशारा आला की टाकी काठोकाठ भरून ठेवायची. हजार लिटरची टाकी चार माणसांना जपून वापरली तर तीन-चार दिवस जाते. मग पंपासाठी जनरेटर घ्यायचा की नाही, याचा विचार डोकं थंड ठेवून करता येतो.

जनरेटर: जमेची बाजू आणि मेख

जमेची बाजू एका वाक्यात सांगता येते: पेट्रोल आहे तोवर लाईट आहे. बॅटरी संपली की संपली.

मेख सांगायला जास्त जागा लागेल. पहिली पेट्रोलची. चारशे-पाचशे वॉटवर चालणारा छोटा जनरेटर तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास पितो. पेट्रोल शंभरीच्या वर आहे. चोवीस तास चालवलात तर रोजचे बाराशेच्या वर रुपये जातील. दिवसात तीनदा दीड-दीड तास चालवलात तर तीनशेच्या आत भागेल. त्यातही वादळात रस्ते झाडांनी बंद असतात, आणि लाईट नसलेल्या गावातल्या पेट्रोल पंपालाही जनरेटरच लागतो. म्हणजे साठा आधी करायला हवा. तोही प्लास्टिकच्या बाटल्यांत नाही, चुलीपासून लांब, आणि फार दिवस नाही. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. आपली पावसाळी हवा कशी असते ते कपाटातल्या चपलांना विचारा.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकलं. लाईट गेली. मी मोठ्या ऐटीत जनरेटर खळ्यात काढला. आधीच्या पावसाळ्यातलं पेट्रोल त्यात तसंच होतं. कार्बोरेटरमध्ये त्याचा चिकटा झालेला. दोरी ओढून खांदा गेला, यंत्र खोकलंसुद्धा नाही. शेजारच्या वहिनी कंदील घेऊन बघायला आल्या आणि काही न बोलता तो माझ्या ओट्यावर ठेवून गेल्या. तेव्हापासून नियम: पावसाळा संपला की टाकी रिकामी करायची, नळी बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, आणि महिन्यातून एकदा थोडं पेट्रोल घालून दहा मिनिटं सुरू करायचं. समुद्रापासून मैलभरात राहत असाल तर खारा वारा स्क्रू, सायलेन्सर, टाकीचं झाकण काहीही सोडत नाही. पॉवर स्टेशनची भोकंही गंजतात, पण ते कपाटात ठेवता येतं.

दुसरी मेख जिवाशी गाठ घालणारी. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपेतल्या माणसाला जाग येऊ देत नाही. म्हणून यंत्र घरापासून किमान वीस फूट लांब, धुराचं तोंड खिडक्यांच्या उलट बाजूला. हे वाचायला सोपं आहे, पण आपल्याकडे लाईट जाते तीच धो-धो पावसात. यंत्र भिजवायचं नाही आणि आतही आणायचं नाही. मग माणूस ‘पडवीतच ठेवू, दार उघडं आहे ना’ म्हणतो. पडवी चालत नाही, गोठाही नाही. जनरेटर घेणार असाल तर चारही बाजूंनी उघडी, वर पत्रा असलेली छोटी छपरी आधी बांधा. तिचा खर्च किमतीतच धरा.

तिसरी: दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून भिंतीतल्या सॉकेटमधून घराला वीज देणारे महाभाग गावोगाव आहेत. ती वीज मेनमधून उलटी लाईनवर जाते, डीपीत चढून हजारो व्होल्टची होते, आणि पावसात खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव घेते. लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच (घर एकतर लाईनला नाहीतर जनरेटरला जोडणारा) बसवून घ्या, नाहीतर एक्स्टेंशन बोर्डावर भागवा. याला मधला मार्ग नाही.

आवाजाबद्दल फक्त एवढंच: रात्री तो वाडीभर ऐकू जातो, आणि सकाळी वाडी तुम्हाला ऐकवते.

आधीच असलेला इन्व्हर्टर

बऱ्याच घरांत इन्व्हर्टर आणि १२ व्होल्टची, १५० एएचची (अँपिअर-तास) ट्युब्युलर बॅटरी आहेच. कागदावर ती १८०० वॉट-तासांची, पण शिशाची बॅटरी तळापर्यंत ओढली की लवकर मरते, म्हणून हजाराच्या आसपास धरा. एवढी साठवण पॉवर स्टेशनमध्ये घ्यायला निदान दुप्पट पैसे पडतात. चार तासांच्या खंडासाठी हा जुना गडी अजूनही उत्तम आहे. डिस्टिल्ड वॉटर घालायचा कंटाळा नसेल तर नवं काही घेऊ नका. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या स्टेशनचं खरं बळ वजनात आणि वयात आहे: एका हाताने उचलून माळ्यावर नेता येतं आणि तीन हजारांच्या वर चार्जिंग सोसतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. असं पाणी चढू लागलं की पन्नास किलोच्या बॅटरीला हात लावायला वेळ मिळत नाही. नदीकाठच्या माणसाने हा मुद्दा वर धरावा.

सोलरबद्दल दोन गैरसमज. छतावर अनुदानातलं, मीटरला जोडलेलं सोलर आहे म्हणून लाईट गेल्यावर घर चालेल, असं नाही. लाईन मेली की तेही आपोआप बंद होतं, कारण तेच, खांबावरचा वायरमन. दुसरा गैरसमज स्टेशनसोबत मिळणाऱ्या घडीच्या पॅनेलचा. ऑक्टोबर ते मे ते छान भरतं. आषाढातल्या आभाळाखाली दिवसभरात जे मिळतं त्यावर मोबाइल आणि दोन दिवे, बस. माडाच्या झावळीची सावली पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली तरी उत्पन्न धाडकन उतरतं.

बंद घरांचं काय

ज्यांचं घर गणपती आणि मे महिना सोडून कुलपात असतं, त्या चाकरमान्यांसाठी निवड सोपी आहे. जनरेटरमधलं पेट्रोल कुजतं. शिशाची बॅटरी चार्जिंगविना महिनोन्‌महिने पडली की आतून खलास होते. लिथियमचं स्टेशन निम्म्याच्या वर भरून, बंद करून, सुक्या जागी ठेवलं तर चार-सहा महिने तग धरतं. तेच घ्या. गाडीच्या डिकीतून नेता-आणता येतं, आणि गणपतीच्या पाच दिवसांत मखराचे दिवे आणि माजघरातला पंखा त्यावर निघतो.

बारमाही घराला, जिथे लाईट तासांपुरतीच जाते, तिथे एका युनिटाचं स्टेशन किंवा असलेला इन्व्हर्टर, आणि बीएलडीसी पंखे. जनरेटर नको. होमस्टे चालवत असाल, किंवा मासे-आंब्याचा डीप फ्रीझर असेल, तर जनरेटरशिवाय गत्यंतर नाही.

आणि ज्यांच्या मनातून २०२० जात नाही त्यांच्यासाठी आमच्या वाडीने काढलेली वाट. सात घरांनी मिळून तीन केव्हीएचा एकच जनरेटर ठेवला आहे. लाईट लांबली की तो हातगाडीवरून घरोघर फिरतो, प्रत्येक घरी तास-दीड तास. तेवढ्यात पंपाने टाकी भरायची, फ्रीज गार करायचा आणि ज्याच्याकडे स्टेशन आहे त्याने ते चार्ज करायचं. यंत्र जवळपास पूर्ण भाराने चालतं, म्हणून लिटरमागे जास्त युनिटं मिळतात, आणि रात्र शांत बॅटरीवर जाते. एक अडचण आली: स्वस्त जनरेटरची वीज इतकी खडबडीत असते की काही स्टेशनं ती घेतच नाहीत. दोन्ही घ्यायची असतील तर आधी एकमेकांना जोडून बघा.

मिरगाच्या आधीच्या रविवारी आम्ही मेन स्विच बंद करून हे सगळं एकदा चालवून बघतो. गेल्या वर्षी जनरेटर तिसऱ्या ओढीला सुरू झाला. पंपही उचलला. मग लक्षात आलं की चौथ्या घरापर्यंत पोचणारी वायर कोणीतरी लग्नाच्या मांडवाला नेली होती आणि ती अजून तिथेच होती.