सेल्फ फिरला, तरी बिल 'सेल्फ जळाल्या'चं

नाशिक-पुणे रस्त्यावर कांदा भरलेला जुना टाटा ४०७ चहाला थांबला. निघताना चावी मारली तर डॅशबोर्डचे दिवे लख्ख, पण गाडी सेल्फच (इंजिन फिरवून चालू करणारी स्टार्टर मोटर) घेईना. शेजारच्या गॅरेजातला इलेक्ट्रिशियन गाडीखाली शिरला, स्क्रूड्रायव्हरने सेल्फ शॉर्ट केला, इंजिन झटक्यात चालू. बाहेर येऊन म्हणतो, "सेल्फ जळालाय, बदलावाच लागेल."

माल नाशवंत, ड्रायव्हर एकटा, मालक फोनवर. रिवाइंड केलेला (आतली तार नव्याने गुंडाळलेला) सेल्फ बसला, जुना 'भंगारच आहे' म्हणत गॅरेजातच राहिला. तरी चावीने गाडी लागेना, तेव्हा बॅटरीवरून थेट वायर ओढून पुश बटण दिलं. त्याचे पैसे वेगळे. नंतर चावीच्या स्विचचा मागचा सॉकेट काढला तर ५० नंबरच्या (सेल्फकडे स्टार्टचा करंट पाठवणाऱ्या) पिनभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं. काही शेकड्यांच्या स्विचपायी हजारोंचा चांगला सेल्फ गेला.

स्क्रूड्रायव्हरनेच खरं काय ते सांगितलं होतं. सॉलेनॉइडवरचा (सेल्फवरचा विजेवर खेचला जाणारा स्विच) बॅटरीचा जाड बोल्ट आणि ५० नंबरचं बारीक टर्मिनल जोडल्यावर इंजिन फिरलं, तर सॉलेनॉइड, मोटर, बॅटरी, अर्थ सगळं शाबूत. दोष त्याच्या अलीकडे: स्विच, रिले (छोट्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच) किंवा मधली वायर. मात्र दोन्ही जाड बोल्ट एकमेकांना जोडले तर नुसती मोटर घरघरते, पिनियन (इंजिनला फिरवणारं सेल्फचं छोटं दातेरी चाक) पुढे सरकत नाही; त्यावरून सॉलेनॉइडची खात्री होत नाही. म्हणून कुठले दोन बोल्ट जोडले ते वाकून बघा. त्याआधी गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला आणि चाकाला दगड. गिअरमधली गाडी शॉर्ट केली की खालच्या माणसाच्या अंगावरच येते.

गाडीखाली न जाताही बरंच कळतं. हेडलाइट लावून चावी मारा. दिवे मंदावले तर बॅटरी, टर्मिनल, अर्थ किंवा जाम झालेला सेल्फ. दिवे तसेच लख्ख आणि आवाज नाही, तर बहुधा सॉलेनॉइडपर्यंत करंटच पोचत नाही. मल्टिमीटर असेल तर भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, सेल्फ फिरताना ९.६ च्या खाली जाऊ नये.

आता स्विच. इथे टेस्ट लॅम्प हमखास फसवतो. बल्बला करंट किरकोळ लागतो, तेवढा जळक्या कॉन्टॅक्टमधूनही जातो. दिवा पेटतो आणि 'स्विच ओके' म्हणून शिक्का बसतो. पुढची वायर जोडलेलीच ठेवा, मीटरची एक पिन स्विचच्या ३० वर (बॅटरीकडून येणारी), दुसरी ५० वर, आणि कुणाला तरी चावी स्टार्टला धरायला सांगा. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल. दोन-तीन व्होल्ट दिसले तर ते स्विचमध्येच अडकताहेत. चावी जागेवर हलवली की डॅशबोर्डचे दिवे लुकलुकत असतील तर तीही स्विच सैल झाल्याची खूण.

'स्विच असाच ठेवला तर गाडी घाटात बंद पडेल' ही भीतीही घातली गेली. इंजिन बंद करायला ओढायची केबल असलेल्या जुन्या ४०७ मध्ये हे होतच नाही. डिझेलचा पंप मेकॅनिकल, इंजिन एकदा लागलं की स्विच काढून हातात घेतला तरी चालूच राहतं. अशी गाडी चालता चालता बंद पडली तर आधी डिझेल, फिल्टर आणि डिझेल लाइनमधली एअर बघा. पंपावर स्टॉप सॉलेनॉइड (इंजिन विजेवर बंद करणारा) असेल आणि त्याला सतत करंट लागत असेल, तरच स्विचवर संशय घ्यायचा.

नुसता नवा स्विच टाकून मात्र भागत नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांत कुणीतरी स्टार्टर रिले काढून वायर थेट जोडलेली असते. मग सॉलेनॉइड खेचायचा सगळा भार स्विचच्या कॉन्टॅक्टवर येतो, आणि नवा स्विचही तसाच भाजतो. हॉर्न, पंखा, टेपही स्विचच्या १५ नंबरवरून (चावी ऑन केल्यावर करंट देणारी पिन) घेतलेले असतात. ते वेगळा फ्यूज आणि रिले देऊन बॅटरीवर न्या. पुश बटणाची बिनफ्यूजची वायर आधी बॅटरीवरून सोडवा. ती बॉडीला कुठे घासली तर वायरिंग पेटायला चावी लावायचीही गरज नाही.