सराट्यांच्या मुलखात ट्यूबलेस टायर: दिवाळी ते मृग वापरल्यावर

वर्धा-यवतमाळ पट्ट्यात लांब पल्ल्याची सायकल चालवायची म्हणजे पहिला विचार काट्यांचा करावा लागतो. कापसाच्या हंगामात बैलबंड्या रस्त्याची कड धरून चालतात, कुंपणाला बाभळीच्या फांद्या ओढत नेल्या जातात आणि काटे नेमके आपल्या वाटेवर पडून राहतात. उरलेलं काम सराटे करतात. म्हणून दिवाळीत ७०० बाय ४० चे, म्हणजे ४० मिलिमीटर रुंदीचे, ट्यूबलेस टायर बसवले. यात ट्यूब नसते. रिमवर टेप आणि टायरमध्ये लॅटेक्सचं दुधाळ सीलंट. काटा घुसला की हवेबरोबर सीलंट भोकाकडे धावतं आणि तिथंच घट्ट होऊन बसतं.

डिसेंबरात नागपूरहून नांदेडला निघालो, तेव्हा यांची खरी परीक्षा झाली. वर्धा ते आर्णी हा एका दिवसाचा टप्पा, शंभराच्या वर किलोमीटर. सोबत सपोर्ट गाडी होती आणि चालवणारे काका त्याच भागातले. ते वीसेक किलोमीटर पुढे जाऊन, चहाची टपरी आणि सावली बघून थांबायचे. डिकी उघडी, पाण्याचा कॅन आणि उभा पंप अगदी पुढे. देवळी मागे पडली, वर्धा नदीचा पूल ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात शिरलो. महामार्गावरचे ट्रक चुकवायला कळंबच्या अलीकडे गावातला रस्ता धरला आणि मागच्या चाकातून फुस्स आवाज सुरू झाला. पोटरीवर पांढरे थेंब उडाले. काका गाडीतून उतरत म्हणाले, "ताई, काटा आत्ताच नोका काढू, आधी भोक खाली घ्या." त्यांनी चाक फिरवून भोक जमिनीकडे आणलं, सीलंट तिथं साचू दिलं, मग काटा काढला. बाभळीचाच होता, बोटाच्या पेराएवढा. थोडी हवा भरली आणि निघालो. ट्यूब असती तर तिथंच चाक उघडून बसावं लागलं असतं.

दाबाचाही फायदा मोठा आहे. कमी हवेत खड्ड्यावर ट्यूब रिमखाली चिमटण्याची भीती नसल्याने मी हवा कमीच, ४० पीएसआयच्या आसपास ठेवते. यवतमाळकडच्या चढाला काही फरक जाणवला नाही, पण खडबडीत डांबरावर मनगटं दुखायची थांबली. दिवसभर हँडल धरून बसणाऱ्यालाच याची किंमत कळेल.

आता उणी बाजू. यवतमाळच्या पुढे, काम चालू असलेल्या जागी गिट्टीच्या धारेने टायरची बाजू चिरली. तिथं सीलंट नुसतंच वाहत राहिलं. रबरी प्लग खुपसल्यावर गळती थांबली, पण टायर पार बसला होता आणि आमच्या पंपाने तो रिमच्या कडेवर काही चढेना. काकांनी चाक गाडीत घालून ट्रकवाल्यांच्या पंक्चरच्या दुकानात नेलं. तिथल्या कॉम्प्रेसरने टायर टकटक आवाज करत जागेवर बसला. सायकलचा बारीक व्हॉल्व्ह त्या नळीला बसत नाही. त्यासाठी पितळी अडॅप्टर लागतो आणि तो आमच्याकडे होता, म्हणून भागलं. हा अडॅप्टर आणि एक साधी ट्यूब जवळ नसेल तर या टायरांवर लांब जाऊच नका. सपोर्ट गाडी नसेल तर मी याहून जाड बाजूचे टायर घेईन.

दुसरी अडचण उन्हाची. दोन-तीन महिन्यांनी सीलंट भरा, असं सगळे सांगतात. ते हिवाळ्यात चालतं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा महिन्याभरातच आतलं द्रावण सुकून रबराच्या पापड्या उरतात. चाक कानाशी धरून हलवा. खळखळ आली नाही तर भरायची वेळ झाली. हा खर्च टायरच्या किमतीत धरूनच चाला. काळ्या मातीच्या चिखलात मात्र इतके रुंद टायर मडगार्डमध्ये अडकतात. पाऊस पडला की मी पांदणीने जात नाही.

मागचा टायर आता मधोमध झिजलाय. पोळ्याच्या आधी बदलीन, आणि ट्यूबलेसच घेईन.