फोंड्याच्या स्वयंपाकघरात किंग्स्टनचा रेडिओ: सीएफआरसी १०१.९

सकाळी सहाला आमच्या दारात पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजतो, तेव्हा कॅनडातल्या किंग्स्टनमध्ये आदल्या रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. मुलगा तिथे २०१५ साली क्वीन्स विद्यापीठात शिकायला गेला, आणि नोकरीलाही तिथेच राहिला. गेली चार वर्षं चहाचं आधण ठेवलं की मी त्याच्या गावचा रेडिओ लावते. इंटरनेटवरून ऐकायला पैसे पडत नाहीत. ज्यांचं कुणी त्या गावात आहे, त्यांनी हे केंद्र जरूर लावावं.

सीएफआरसी क्वीन्स विद्यापीठात १९२२ साली सुरू झालं. आपल्या पणजीचं 'एमिसोरा द गोवा' हे पोर्तुगीज काळातलं रेडिओ केंद्र आलं १९४६ मध्ये. बोलणारे बरेचसे स्वयंसेवक, विद्यार्थी तसे गावातलेही. त्यामुळे बोलणं घरातल्यासारखं असतं. तासातासाला बातम्या हव्या असतील किंवा ओळखीचीच गाणी हवी असतील, तर मात्र हे केंद्र तुमच्यासाठी नाही. काही संगीत मला अजून झेपत नाही, तेव्हा आवाज कमी करून मी भाजी चिरते.

मला हे केंद्र जवळचं वाटू लागलं ते एका जुन्या कार्यक्रमामुळे. किंग्स्टन हे तुरुंगांचं गाव. १८३५ साली उघडलेला तिथला मोठा तुरुंग २०१३ च्या सप्टेंबरात बंद झाला, पण आसपास आणखी तुरुंग आहेत. तिथल्या कैद्यांसाठी सीएफआरसीने कार्यक्रम केले. घरच्या माणसांनी आवाजात ठेवलेले निरोप आणि कैद्यांनी मागितलेली गाणी त्यांतून कोठडीपर्यंत पोचायची. मुलाने हे सांगितलं तेव्हा मला आजी आठवली. आजोबा गोव्याच्या मुक्तिलढ्यात आग्वाद किल्ल्यातल्या तुरुंगात होते आणि कित्येक महिने तिला त्यांचा एक शब्दही मिळाला नव्हता. देवापुढे दिवा लावून ती नुसती बसून राहायची, असं आई सांगे. भिंतीपलीकडच्या माणसाला आपल्या माणसाचा आवाज ऐकवणारं रेडिओ केंद्र माझ्या लेखी फार मोठं.

गावच्या नामवंतांची ओळखही मला कानांनीच झाली. ब्रायन अ‍ॅडम्स जन्मला किंग्स्टनमध्ये, १९५९ साली, पण गावाचा जीव आहे तो 'द ट्रॅजिकली हिप' या बँडवर. १९८४ मध्ये तो तिथेच उभा राहिला. त्यांचा गायक गॉर्ड डाउनी याला मेंदूचा बरा न होणारा कर्करोग असल्याचं २०१६ च्या मे महिन्यात जाहीर झालं, तरी त्याने दौरा केला आणि शेवटचा कार्यक्रम २० ऑगस्टला आपल्या गावात ठेवला. ज्या सभागृहात तो झाला, त्याच्यासमोरच्या रस्त्याला या बँडचंच नाव आहे. आत जागा न मिळालेले लोक नगरपालिकेमागच्या बाजारचौकात पडद्यावर बघत होते. मुलगाही त्या गर्दीत होता. इकडे रविवारची सकाळ. त्याने फोन वर धरला आणि म्हणाला, "आई, नुसतं ऐक." शब्द कळले नाहीत, पण सगळा चौक एका सुरात गात होता. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात डाउनी गेला. आता तो आवाज रेडिओवर लागला की मी हातातलं काम ठेवते.

बातम्यांसाठी गावचं वृत्तपत्र 'द किंग्स्टन व्हिग-स्टँडर्ड' वाचावं. १८३४ साली 'ब्रिटिश व्हिग' म्हणून निघालेलं हे पत्र १९२६ मध्ये 'स्टँडर्ड'शी जोडलं गेलं. काही मजकुराला वर्गणी लागते. कॅनडाचे पहिले पंतप्रधान जॉन ए. मॅकडोनाल्ड याच गावात वाढले. आदिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांना त्यांच्या सरकारने पाठबळ दिलं होतं. २०२१ च्या जूनमध्ये त्या शाळांवरून देश हादरला, तेव्हा गावच्या बागेतला त्यांचा पुतळा हलवला. अशा वेळी गावात कोण काय म्हणतंय ते गावच्या पत्रातच कळतं.

लावणाऱ्यांसाठी एक सूचना. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे जातात. तेव्हा रात्री साडेआठचा कार्यक्रम आपल्याकडे सहाऐवजी सातला लागतो. मार्चपर्यंत मी चहाही सातलाच ठेवते.