हास्केलची टूल्स वर्षभर वापरली, जळगावकडच्या चोपडा गावातून, ८ जीबी रॅमवर

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू हास्केल या प्रोग्रामिंगच्या भाषेचा नाही. भाषा मला आवडते, तो विषय संपला. हा रिव्ह्यू तिच्यासोबत जे बिऱ्हाड घरात येतं त्याचा आहे, म्हणजे जीएचसीअप नावाचा इन्स्टॉलर, लायब्ररी उतरवून प्रोग्राम बांधणारा कबाल, त्याच कामाचं थोडंसं स्टॅक आणि एडिटरमध्ये मदत करणारा एचएलएस.

माझं मशीन म्हणजे सेकंडहँड लॅपटॉप, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी, वर उबुंटू. नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटचं, आणि उन्हाळ्यात लाइट कधी जाईल ते देवालाच माहीत. काम काय तर मामांचा केळीचा हिशोब, कोणत्या तारखेला कोणत्या शेतातून किती घड कापले, काट्यावर वजन किती भरलं, त्या दिवशी भाव काय होता, व्यापाऱ्याने किती दिले आणि किती बाकी ठेवले. एक्सेलमध्ये झालं असतं हो, मला पण माहितीये, पण मला शिकायचं होतं.

जीएचसीअपपासून सुरू करू. वेबसाइटवरची एक ओळ टर्मिनलमध्ये टाकायची की तो दोन-चार प्रश्न विचारतो आणि कामाला लागतो. त्यात एक प्रश्न असतो की तुझ्या बॅशच्या फाईलमध्ये पाथची ओळ (टर्मिनलने कमांड कुठे शोधायची ते) टाकू का, मी घाबरून नको म्हणलं, आणि मग सगळं इन्स्टॉल झाल्यावर जीएचसी (हास्केलचा कंपायलर, कोडचा प्रोग्राम करून देणारा) टाईप केलं तर कमांड नॉट फाउंड. अर्धा तास डोकं खाजवलं. होम फोल्डरमधल्या डॉट-जीएचसीअपच्या आत एनव्ह नावाची फाईल असते, ती सोर्स करायची ओळ बॅशआरसीत टाकली, नवीन टर्मिनल उघडलं, झालं. तुम्ही गपचूप हो म्हणा.

दुसरी ठेच म्हणजे पहिलाच प्रोग्राम लिंक होताना एल-जीएमपी, म्हणजे सिस्टीमची एक लायब्ररी, सापडत नाही म्हणून आडवा पडला. इथे चूक माझी, कारण इन्स्टॉलर सुरुवातीलाच सांगतो की सिस्टीमची अमुक अमुक पॅकेजेस आधी टाकून घे, पण ती यादी वाचतं कोण. एपीटीने लिबजीएमपी-डेव्ह टाकलं की हा प्रश्न मिटतो, आणि पुढे कधी झेडलिबची हेडर फाईल नाही म्हणून रडला तर झेडलिब१जी-डेव्ह. दोन्ही एकदमच टाकून ठेवा.

आता खरा त्रास. वर्षभरात जेवढ्या वेळा अडकलो त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळा कारण एकच निघालं, व्हर्जन जुळत नाहीत. हास्केलमध्ये बेस नावाची मूळ लायब्ररी कंपायलरला बांधलेली असते, म्हणजे जीएचसी ९.४ सोबत बेस ४.१७, ९.६ सोबत ४.१८, ती वेगळी बदलता येत नाही. आणि लायब्ररी लिहिणारे लोक आपल्या पॅकेजमध्ये लिहून ठेवतात की बेस ४.१८ पेक्षा खालचीच पाहिजे. मग तुम्ही हौसेने नवा कंपायलर घेतला की कबाल पानभर एरर फेकतो, कुड नॉट रिझॉल्व्ह डिपेन्डन्सीज, आणि खाली रिजेक्टिंग रिजेक्टिंग अशी रांग. पहिल्यांदा बघून लॅपटॉप बंद करून चहा प्यायला गेलो होतो. पण नंतर कळलं की सगळं वाचायचंच नाही, कंसात कॉन्फ्लिक्ट लिहिलेली जी ओळ असते आणि त्यात बेस शब्द दिसतो तेवढीच बघायची, तिथे सरळ लिहिलेलं असतं की कोणाला कोण चालत नाही. अगदी लग्न जुळवण्यासारखं आहे, मुलगा-मुलगी तयार आहेत, आत्याबाई अडून बसल्यात, तर आत्याबाई कोण ते आधी शोधा. उपाय म्हणजे एकतर कंपायलर एक पायरी खाली आणा, नाहीतर अलाऊ-न्यूअर देऊन (म्हणजे व्हर्जनची वरची मर्यादा सोड असं सांगून) जबरदस्ती करा. जबरदस्ती माझ्याकडे दोनदा चालली, एकदा लायब्ररीच कंपाईल झाली नाही.

मी शेवटी ९.६.७ वर बसलोय आणि तिथून हलायचा विचार नाही. सगळं जमल्यावर कबाल फ्रीझ मारून ठेवलंय, म्हणजे कोणत्या लायब्ररीचं कोणतं व्हर्जन लागलं ते फाईलमध्ये पक्कं होतं.

कंपायलर बदलणं मात्र जीएचसीअपमध्ये इतकं सोपं आहे की त्याला पैकीच्या पैकी. जीएचसीअप टीयूआय म्हणलं की टर्मिनलमध्येच यादी येते, बाणाने वरखाली जायचं, एक टिक म्हणजे घरात आहे, दोन टिक म्हणजे सध्या चालू तो. आणि त्या यादीत काही व्हर्जनसमोर एचएलएस-पॉवर्ड असं लिहिलेलं असतं, ते बघूनच निवडा, याचं कारण खाली येतंच.

खाली म्हणजे इथेच. एचएलएस, हास्केल लँग्वेज सर्व्हर. २०२० च्या सुमाराला दोन वेगळे प्रोजेक्ट एकत्र येऊन हे झालं. चालतं तेव्हा स्वर्ग आहे, कर्सर नेला की टाईप दिसतो, इम्पोर्ट विसरलात तर तोच सुचवतो. पण ते ज्या जीएचसीने बांधलंय त्याच जीएचसीचा प्रोजेक्ट त्याला चालतो, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत. म्हणून नवाकोरा कंपायलर टाकला की एडिटर मुका होतो. आणि अजून एक मूर्खपणा मी तीनदा केलाय, एडिटरमध्ये प्रोजेक्टच्या फोल्डरऐवजी त्याच्या वरचा फोल्डर उघडला, मग सगळ्या इम्पोर्टखाली लाल रेघा, आणि टर्मिनलमध्ये तोच कोड मस्त बिल्ड होतोय. असं दिसलं की आधी फोल्डर बघा, मग कमांड पॅलेटमधून सर्व्हर रीस्टार्ट, मग शिव्या, याच क्रमाने. पाचपैकी तीन देतो, कारण रॅम फार खातो, ब्राउझर आणि तो एकत्र नांदत नाहीत.

रॅमवरून आठवलं, एकदा भर मे महिन्यात दुपारी बिल्ड लावला, कूलरसमोर लॅपटॉप ठेवून, आणि मोठी लायब्ररी कंपाईल होता होता कबाल म्हणाला की प्रोसेस मारली गेली, बहुतेक मेमरी पुरली नसेल. हे मला आवडलं, नुसता एक्झिट कोड तोंडावर न मारता कारणाचा अंदाजसुद्धा दिला. बिल्डला जे-वन लावा म्हणजे एका वेळी एकच पॅकेज घेतो, वेळ दुप्पट जातो पण पूर्ण होतं. आणि मधेच लाइट गेली, राउटर किंवा हॉटस्पॉट गेला, तरी जी पॅकेजेस बांधून झाली ती स्टोअरमध्ये राहतात, परत पहिल्यापासून सुरू नाही. आमच्याकडच्या लाइटला कंपायलरवाल्यांनी दिलेला हाच मोठा आधार. फक्त कबाल अपडेट अर्धवट तुटून इंडेक्सची, म्हणजे पॅकेजेसच्या यादीची, फाईल खराब झाली होती एकदा, ती उडवून परत अपडेट मारलं.

आता माझा आवडता प्रॉब्लेम. मराठी. शेतांची नावं, मालाचं नाव सगळं मी देवनागरीत ठेवलंय. टर्मिनलवर छान दिसायचं. रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप प्रोग्राम चालवतो तो) रोजचा हिशोब फाईलमध्ये काढायचं ठरवलं तर सकाळी फाईल रिकामी आणि लॉगमध्ये कॅनॉट एन्कोड कॅरॅक्टर, पुढे उलट्या दांडीसोबत २३२५. हा २३२५ म्हणजे आपला क. टर्मिनलमध्ये लोकेल, म्हणजे भाषा आणि अक्षरांची सेटिंग, यूटीएफ-८ असतं, क्रॉनला ते मिळतच नाही, म्हणून हास्केल केळीच्या क वर अडकतो. मेनच्या पहिल्या ओळीत एचसेटएन्कोडिंगने एसटीडीआउटला यूटीएफ८ सांगितलं आणि विषय मिटला. विंडोजवाल्यांनाही हाच ताप होतो, तिथे आधी सीएचसीपी ६५००१ मारून बघा.

त्याचंच भावंड म्हणजे प्रिंट. मामांना कौतुकाने पहिली पावती दाखवली, मालाच्या जागी "\२३२५\२३७५\२३५५\२३६८" असं काहीतरी. मामांनी चष्मा वर केला, "हाई काय शे रे भाचा, केळी कोठे गई?" यात बिघाड कसलाच नाही, प्रिंट आतून शो वापरतो आणि शो आस्कीच्या, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-चिन्हांच्या, बाहेरचं प्रत्येक अक्षर आकड्यात लिहितो. पुटस्ट्रएलएन वापरलं की केळी परत येते. पण नवीन पोरांना हे कोणी आधी सांगत नाही, एवढी माझी तक्रार.

स्टॅकबद्दल थोडक्यात, कारण मी दोन महिनेच वापरलं. ते पंगतीसारखं आहे, एलटीएस म्हणून जो संच येतो त्यातली पॅकेजेस एकमेकांसोबत बांधून तपासलेली असतात, व्हर्जनची भांडणं जवळपास बंद. पण माझ्याकडे जीएचसीअपचा कंपायलर असताना त्याने स्वतःचा वेगळा उतरवला आणि हॉटस्पॉटचा त्या दिवसाचा डेटा तिथेच संपला. सिस्टीम-जीएचसी ट्रू अशी सेटिंग आहे, आधी ती करा. डिस्क लहान असेल तर जुने कंपायलर जीएचसीअपमधून काढत जा, एकेक जण जीबीत जागा अडवतो, मी तीन काढले तेव्हा कुठे फोटोंना जागा झाली.

एररबद्दल जाता जाता, ९.६ पासून प्रत्येक एररला नंबर असतो, टाईप जुळला नाही की जीएचसी-८३८६५, तो नंबर शोधला की उदाहरणासकट पान मिळतं. मला आता हा नंबर पाठ झालाय, मामांच्या गाडीच्या नंबरासारखा.

जीएचसीअप पाच, कबाल चार, स्टॅक साडेतीन, एचएलएस तीन. १६ जीबी रॅम असेल तर एचएलएसला चार धरा. पावती आता बरोबर निघते, पण मामा तरी वहीत वेगळं लिहितातच.