पाठ्यपुस्तकाविना चौथी: पीवायपीचा वापरानंतरचा अनुभव

आमची मुलगी पुण्यातील एका आंतरराष्ट्रीय शाळेत चौथीत शिकते. त्याआधी ती राज्य मंडळाच्या शाळेत होती; गेल्या ऑगस्टपासून ती आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या आंतरराष्ट्रीय शिक्षणसंस्थेच्या प्राथमिक अभ्यासक्रमात, म्हणजे पालक ज्याला पीवायपी म्हणतात त्यात आहे. सहा विषयसूत्रे (वर्षभराचे घटक ज्यांखाली शिकवले जातात ते व्यापक विषय), विद्यार्थ्याचे दहा गुण, प्रश्नांतून शिक्षण ही माहिती प्रत्येक शाळेच्या माहितीपत्रकात असते, म्हणून ती येथे पुन्हा देत नाही. दुसऱ्या सत्राच्या मध्यावर तिच्या वर्गशिक्षिका शाळा सोडून गेल्या आणि पुढचे काही आठवडे वर्गाची घडीच विस्कटली. या अभ्यासक्रमाचे बळ आणि त्याची दुखरी जागा एकच आहे, हे मला त्या काळात नीट समजले, आणि प्रवेशाचा विचार करणाऱ्या पालकांनाही ते आधी कळावे असे वाटले.

माझी पहिली आणि बराच काळ एकमेव तक्रार होती ती पाठ्यपुस्तक नसल्याची. बालभारतीचे पुस्तक हाती असले की वर्ग कुठवर आला, काय राहिले, मुलाला काय येत नाही हे पालकाला घरबसल्या कळते, आणि तेही अगदी माफक किमतीत. येथे लाखांच्या घरात शुल्क भरून मुलगी घरी काय आणत होती, तर एक वही, काही सुटे कागद आणि भरपूर प्रश्न. ऑगस्ट संपण्याआधीच मी अप्पा बळवंत चौकात जाऊन चौथीच्या पुस्तकांचा पूर्ण संच घेऊन आले. शिवाजी महाराजांवरील इतिहासाचे पुस्तक न वाचता महाराष्ट्रातील मूल चौथीतून पुढे जावे, हे मला पटण्यासारखे नव्हते आणि आजही नाही. दर रविवारी त्या पुस्तकांतील एक पाठ वाचायचा, असा नियम आम्ही घरी केला.

माझे मत बदलायला सुरुवात झाली ती पाण्याच्या घटकापासून. पृथ्वी सर्वांची आहे, ती वाटून घ्यायची आहे, या आशयाच्या विषयसूत्राखाली हा घटक सुमारे दीड महिना चालला. पाणी कोठून येते, ते कोणाला किती मिळते आणि हे कोण ठरवते, या तीन दिशांनी मुलांनी शोध घ्यायचा होता. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही धरणे नकाशावर दाखवून शिक्षिका थांबल्या नाहीत. कात्रजच्या तलावापासून शहरातील हौदांपर्यंत पेशवाईत, नानासाहेबांच्या काळात, बांधलेली भूमिगत जलवाहिनी केवळ उताराच्या जोरावर पाणी कसे आणत असे आणि तिच्या वाटेवर जागोजागी उच्छ्वास, म्हणजे हवेसाठीची उघडी तोंडे, कशासाठी ठेवले होते, हे मुलांनी मातीचा उतार आणि नळ्या वापरून स्वतः करून पाहिले. पहिल्या प्रयत्नात पाणी मध्येच अडले. ते का अडले असावे, यावर वर्गात संपूर्ण तासिका चर्चा झाली. उत्तर मात्र शिक्षिकांनी सांगितले नाही.

त्यानंतर दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन शहराचा विषय निघाला. तेथे 2018 च्या फेब्रुवारीत दुष्काळामुळे माणशी दररोज 50 लिटर पाण्याची मर्यादा घातली होती, तर भारतात शहरी पाणीपुरवठ्यासाठी साधारणपणे माणशी 135 लिटरचे प्रमाण धरले जाते. मुलीने आठवडाभर आमच्या घरातील बादल्या मोजल्या, सरासरी काढली आणि स्तंभालेख काढला. चौथीच्या गणितातील माहितीचे वर्गीकरण तिने याच कामात शिकून घेतले. मग आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींसमोर ती वही घेऊन बसली आणि तिने विचारले, “मावशी, तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?” मावशी म्हणाल्या, “पहाटे येतं गं. हंडे भरून झाले नाहीत की मग मला इकडे यायला उशीर होतो.” मुलीने हे वाक्य वहीत ‘कारण आणि परिणाम’ या रकान्यात जसेच्या तसे उतरवले. आंतरराष्ट्रीय दृष्टी म्हणजे देशोदेशीचे झेंडे आणि खाद्यमहोत्सव, अशी अनेक शाळांची समजूत दिसते. माझ्या मते ती दृष्टी या वहीत होती, कारण दूरच्या शहराचा आकडा हाती आल्यामुळेच तिला स्वतःच्या दारातील विषमता मोजता आली.

याच घटकात तिने आपण होऊन बालभारतीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक उघडले, पाण्याच्या साठवणुकीचा पाठ वाचला आणि त्यातील माहिती आपल्या टिपणात घेतली, ती कोठून घेतली याच्या नोंदीसह. पुस्तकात लिहिले आहे, मावशींनी सांगितले आहे आणि मी स्वतः मोजले आहे, या तीन गोष्टी वेगळ्या ठेवण्याची सवय नऊ वर्षांच्या मुलीला लागत असेल, तर त्यासाठी मी पाठ्यपुस्तकाचा आग्रह बराच सैल करायला तयार आहे.

मग शिक्षिका गेल्या. पुढचा घटक कचरा व्यवस्थापनाचा होता आणि पुण्यात या विषयाला सामग्रीची वानवा नाही. कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था 2008 पासून घरोघरचा कचरा गोळा करते आहे. तिच्या सदस्यांपैकी एखाद्या ताईंना वर्गात बोलावले असते, तर काम, मोबदला, सहकार आणि वर्गीकरण हे सारे विषय एका तासात मुलांसमोर आले असते. तसे काहीही झाले नाही. महाजालावरून चित्रे छापून आणा आणि कार्डशीटवर चिकटवा, असे निरोप येत राहिले, आणि छपाईचा खर्च अर्थातच पालकांचा. पाठ्यपुस्तक असलेल्या शाळेत शिक्षक बदलला तरी पाठ तेथेच राहतो. येथे शिक्षकच पाठ असल्यामुळे तो गेला की हाती काही उरत नाही.

मी समन्वयकांना पत्र लिहून वर्षभराच्या सहाही घटकांचा लेखी आराखडा मागितला. दोन स्मरणपत्रांनंतर तो मिळाला. त्यात प्रत्येक घटकाची मध्यवर्ती कल्पना, शोधाच्या दिशा आणि अपेक्षित कौशल्ये व्यवस्थित नोंदलेली होती. हा कागद मला ऑगस्टमध्येच मिळाला असता, तर पाठ्यपुस्तकाविषयीचा माझा निम्मा राग उद्भवलाच नसता. प्रवेश घेण्यापूर्वी प्रत्येक पालकाने तो मागावा, आणि किती शिक्षक दोन वर्षांहून अधिक काळ टिकले आहेत हेही विचारावे. पोहण्याचा तलाव पाहण्यात वेळ घालवू नये. पाण्याच्या घटकाला लागले काय, तर बादल्या, माती, नळ्या आणि एक वही. आपण जे पैसे मोजतो ते शिक्षकांना एकत्र बसून घटक आखायला मिळणाऱ्या वेळासाठी मोजतो, आणि तो वेळ जेथे दिला जात नाही तेथे हे शुल्क मुळीच देऊ नये.

ही पद्धत परदेशातूनच आली असे मानण्याचेही कारण नाही. पीवायपी 1997 मध्ये सुरू झाला. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी त्याच्या कितीतरी आधी पाने, बिया आणि शिंपले हाताळत शिकणाऱ्या बालवाड्या उभ्या केल्या होत्या.

पाढे घरीच घ्यावे लागतात, ते आम्ही रोज रात्री घेतो. गुणांऐवजी शेरे असलेल्या प्रगतिपुस्तकाची सवय होते. मराठीबाबत मात्र मी अजून समाधानी नाही. 2020 च्या कायद्याने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे आणि शाळा तासिका घेतेही, परंतु त्या तासिकांचा चालू घटकाशी काही संबंध नसतो. मावशींची मुलाखत मराठीत झाली, वहीत मराठीत लिहिली गेली आणि वर्गातील सादरीकरणासाठी ती इंग्रजीत करावी लागली. स्वतःच्या संस्कृतीची जाण हा ज्या अभ्यासक्रमाच्या गुणांच्या यादीचाच भाग आहे, तेथे असे होऊ नये. घटकातील निदान एक सादरीकरण मराठीत व्हावे, ही मागणी आम्ही काही पालकांनी पालक-शिक्षक संघाकडे लेखी दिली आहे आणि नव्या वर्गशिक्षिकांनी तिला पाठिंबा दिला आहे.

पाचवीच्या अखेरीस मुले स्वतः निवडलेल्या प्रश्नावर प्रदर्शन मांडतात. तोपर्यंत मुलीला येथेच ठेवण्याचे आम्ही ठरवले आहे. सहावीपासून पुढचा टप्पा घ्यायचा की राज्य मंडळाकडे परतायचे, हे त्या वेळची तिची गणिताची तयारी आणि शिक्षकांची स्थिरता पाहून ठरवू.