जेसीसी, वाय, टाउनशिप की मराठी शाळा: घरातल्या कोणासाठी काय?

जानेवारी लागला की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी आयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसरा विषय नसतो. प्रीस्कूलचा अर्ज कुठे भरलात, पोहण्याच्या वर्गात जागा मिळाली का, उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या दहा आठवड्यांचं काय केलंत? मग एखादी नवी आई हळूच विचारते, "जेसीसी चांगलं आहे म्हणतात, पण ते ज्यू लोकांचं ना? आपल्याला घेतात?"

घेतात. जेसीसी, म्हणजे ज्यूइश कम्युनिटी सेंटर, हे सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) नव्हे. ज्यू समाजाने वर्गण्या-देणग्यांतून उभी केलेली ती वास्तू असते. पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, बालवाडी, संगीताचे वर्ग आणि ज्येष्ठांचा कट्टा असं बरंच काही एका छपराखाली मिळतं. सभासद व्हायला सहसा धर्माची अट नसते. टेनाफ्लायचं केपलन जेसीसी घ्या, नाहीतर तिकडे कॅलिफोर्नियात पालो आल्टो आणि लॉस गॅटोसची केंद्रं घ्या, भारतीय कुटुंबाकडे तिथे कोणी वळून बघत नाही.

मी सहा वर्षं दोन मुलांना घेऊन जेसीसी, वायएमसीए (यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन, इथे सगळे नुसतं 'वाय' म्हणतात), टाउनशिपचा म्हणजे गावच्या स्थानिक प्रशासनाचा रेक्रिएशन विभाग आणि मराठी शाळा अशा चारही ठिकाणी ये-जा करते आहे. त्यावरून एकच सांगते. वर्गांची यादी नंतर वाचा. आधी हे बघा, की आठवड्याच्या दिवशी सकाळी दहाला तुमच्या मुलाजवळ घरात कोण असतं.

सकाळी दहाला घरी कोण?

आई-बाबा दोघंही नोकरीवर आणि मूल दिवसभर डे-केअरमध्ये असेल, तर जेसीसीचं निम्मं वैभव तुमच्या वाट्याला येणारच नाही, कारण तिथले लहान मुलांचे उत्तम वर्ग सकाळचे असतात. पण घरात आई रजेवर असेल किंवा भारतातून आजी-आजोबा आले असतील, तर चित्र पार बदलतं.

माझ्या सासूबाई वर्षाआड सहा महिन्यांसाठी येतात. पहिल्या खेपेला त्यांचे दिवस सोफ्यावर मालिका बघण्यात गेले. गाडी येत नाही, आमच्या रस्त्याला फूटपाथ नाही, बाहेर बर्फ. तिसऱ्या महिन्यात त्या परतीच्या तिकिटाची तारीख विचारायला लागल्या. मला फार लागलं ते. दुसऱ्या खेपेला धाकटी आठ महिन्यांची होती. जेसीसीत बाळ आणि मोठ्या माणसाने मिळून करायचा गाण्यांचा वर्ग होता. वर्गाच्या नावात 'पेरेंट' असलं तरी आजी चालते, हे मी आधी विचारून घेतलं. मी त्यांना सोडून तिथल्याच लॉबीत लॅपटॉप उघडून काम करायचे. वर्ग संपला की त्या बाहेरच्या बाकावर रशियन बोलणाऱ्या एका आजींबरोबर बसत. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. बाळाचे गाल, टोपडं आणि दात यांवर अर्धा तास सहज जायचा. त्या वर्षी तिकिटाची चौकशी झाली नाही.

हे तिथे जमतं त्यामागे मोठा इतिहास आहे. लंडनला 1844 मध्ये जॉर्ज विल्यम्सने वायएमसीए काढली ती शहरात नोकरीला आलेल्या तरुणांसाठी. तिच्याच धर्तीवर 1854 मध्ये बाल्टिमोरला ज्यू तरुणांची पहिली संस्था निघाली. न्यूयॉर्कची नाइन्टी-सेकंड स्ट्रीट वाय ही अशीच ज्यू संस्था, 1874 ची. पुढे पूर्व युरोपातून ज्यू कुटुंबांचे लोंढे आले तेव्हा अशा संस्थांतून इंग्रजीचे वर्गही चालत आणि सणही साजरे होत. नव्या देशात रुजायचं आणि आपलं सोडायचं नाही, ही दोन्ही कामं एकाच इमारतीत होत. आजी, सून आणि नातू एकाच दाराने आत जातात ते त्यामुळे. आपल्यासारख्या नव्याने आलेल्यांना तिथे ओळखीचं वाटतं, त्याचं कारण मला तरी हेच दिसतं.

वायमध्येही ज्येष्ठांचे व्यायामाचे वर्ग भरपूर असतात आणि चांगले असतात, पण नातू एकीकडे आणि आजी दुसरीकडे. टाउनशिपची ज्येष्ठ केंद्रं रहिवाशांना फुकट किंवा नाममात्र शुल्कात असतात. एडिसनसारख्या भागात तिथे आपल्याकडच्या आजी-आजोबांचा चांगला मेळा जमतो. आजोबांना पत्ते आणि गप्पा हव्या असतील, तर मी डोळे मिटून तेच सुचवीन. नातवाला मात्र सहसा तिथे नेता येत नाही. आणि कुठेही जा, सहा महिन्यांसाठी आलेले पाहुणे कुटुंबाच्या सभासदत्वात धरतात की त्यांचा वेगळा पास काढावा लागतो, हे सही करण्याआधी विचारा.

पोहणं

ही हौसेची गोष्ट नाही. अमेरिकेत एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंमध्ये बुडणं हे पहिल्या क्रमांकाचं कारण आहे, आणि इथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना बहुतेक मुलांना पहिल्या वाढदिवसानंतर पोहण्याचे धडे सुरू करायला सांगते. आपल्यापैकी किती आई-बाबांना स्वतःला पोहता येतं, हेही प्रामाणिकपणे मोजा.

इथे माझं मत वायच्या बाजूने झुकतं. त्यांचा पोहण्याचा अभ्यासक्रम देशभर एकच आहे. व्हिसा आणि नोकरीपायी दोन-तीन वर्षांत गाव बदलणाऱ्या घरांना याचा मोठा फायदा होतो, कारण मूल डॅलसला गेलं तरी त्याच पायरीवरून पुढे शिकतं. जेसीसी प्रत्येक स्वतंत्र, त्यामुळे शिकवण्याची पद्धतही वेगवेगळी. टाउनशिपचा उघडा तलाव साधारण मेअखेरीच्या मेमोरियल डेपासून सप्टेंबरच्या लेबर डेपर्यंतच चालतो. शुल्क सगळ्यांत कमी, पण दहा आठवड्यांत शिकलेलं मूल पुढच्या जूनपर्यंत विसरतं. माझं थोरलं विसरलं.

जेसीसीची एक गोष्ट मात्र दुसरीकडे क्वचित मिळते. काही केंद्रांत फक्त बायकांसाठी पोहण्याच्या राखीव वेळा असतात, कारण कर्मठ ज्यू घरांतल्या बायकांना ती सोय लागते. पन्नाशीनंतर पहिल्यांदा पाण्यात उतरणाऱ्या आपल्या आयांना ती वेळ सोन्यासारखी आहे. अंगभर पोशाख बहुतेक ठिकाणी चालतो, पण तो पोहण्याच्या कापडाचा हवा. सुती सलवार-कुर्ता घालून कुठेच आत सोडत नाहीत.

"मुलगा काय, ज्यू होईल का?"

हा प्रश्न फोनवर पुण्याहून येतो, म्हणून नीट उत्तर देते. ज्यू धर्मात इतरांना ओढून आणण्याची रीत नाही, आणि प्रीस्कूलमध्ये कोणी तसा प्रयत्नही करत नाही. पण मूल दर शुक्रवारी 'शब्बात शालोम' (शब्बात म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस) म्हणत घरी येईल, 'हाला' नावाच्या वेणीच्या पावाची कणीक मळेल, हनुका सणाला मेणबत्त्या मोजेल. हे गृहीत धरून जा. ते नकोच असेल तर टाउनशिप बरी, तिथे कोणताच धर्म नाही. वायच्या नावात ख्रिश्चन शब्द असला तरी रोजच्या वर्गांत तो फारसा जाणवत नाही.

आमच्या घरी हा प्रश्न सासूबाईंनीच सोडवला. त्यांचं माहेर अलिबागचं. नातीच्या तोंडून 'शब्बात' ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे इस्राएल आळी होती. शनिवार तेली म्हणायचे त्यांना. शनिवारी घाणा बंद." कोकणातले बेने इस्राएल तेल गाळायचे आणि शब्बातला काम करायचे नाहीत, म्हणून ते नाव पडलं. घरात बोलणं मराठी, आडनावं गावांवरून पडलेली, आणि प्रेषित एलियाहूच्या नावाने पोहे-खोबरं-गुळाचा मलिदा. यांच्यातले पुष्कळ जण इस्राएलला गेले, तिथेही 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघालं. हे सगळं सासूबाईंनी नातीच्या बाईंना सांगितलं, मी दुभाषी होते. त्या बाईंना कोकणातले ज्यू ठाऊकच नव्हते. पुढच्या शुक्रवारी वर्गात मलिदा झाला.

शुक्रवार, सण आणि डबा

निर्णय बहुतेक वेळा इथे अडतो. शब्बात शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो, आणि डिसेंबरात न्यू जर्सीत सूर्य साडेचारला मावळतो. त्यामुळे बरीच जेसीसी प्रीस्कूलं शुक्रवारी लवकर सुटतात. दोघांची ऑफिसं पाचपर्यंत असतील, तर दर शुक्रवारी मुलाला आणायला कोण जाणार ते आधी ठरवा. शनिवारचं वेळापत्रक प्रत्येक केंद्राचं निराळं असतं. टाउनशिपचे सॉकर आणि बास्केटबॉलचे सामने मात्र बहुधा शनिवारीच असतात.

सणांच्या सुट्ट्या शाळेच्या सुट्ट्यांशी सगळ्या जुळत नाहीत. पण आपल्या पंचांगाशी त्यांचं छान जमतं. ज्यू पंचांगही चांद्र महिन्यांचं आणि अधिक महिना घालणारं, त्यामुळे सण अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास येतात. 2025 मध्ये 22 सप्टेंबरला सकाळी आमच्याकडे घट बसले आणि त्याच संध्याकाळी त्यांचं नवं वर्ष, रोश हशाना, सुरू झालं. 6 ऑक्टोबरला आमची कोजागरी होती आणि त्याच रात्री त्यांच्या सुक्कोत सणाच्या मांडवातून चांदणं दिसत होतं. पुरिम हा सण होळीच्या पौर्णिमेला किंवा काही वर्षी तिच्या एक महिना आधी येतो, मुलं त्या दिवशी वेष करून धमाल करतात.

डब्याचं म्हणाल तर शाकाहारी घरांना जेसीसीसारखी सोय नाही. कोशर, म्हणजे ज्यूंच्या खाण्यापिण्याच्या, नियमात मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून पुष्कळ प्रीस्कूलं डबा बिनमांसाचाच मागतात. परीक्षा असते ती फक्त पासओव्हर सणाच्या आठवड्यात, म्हणजे बहुतेक वर्षी आपल्या हनुमान जयंतीच्या सुमाराला. तेव्हा गव्हाचं काही नेता येत नाही, पोळी बंद. काही ठिकाणी पूर्व युरोपातल्या प्रथेप्रमाणे भात-डाळही बंद. उपासाचे पदार्थ आठवतात, पण साबुदाण्याच्या खिचडीतले शेंगदाणे अ‍ॅलर्जीच्या नियमात अडकतात. आम्ही तो आठवडा बटाट्याची भाजी, दही आणि फळांवर काढतो.

सुरक्षेबद्दलही उघड बोलायला हवं. 2017 च्या सुरुवातीला देशभरच्या जेसीसींना बॉम्बच्या खोट्या धमक्या आल्या, मुलांना इमारतीबाहेर काढावं लागलं. आज दारावर पहारा आणि ओळखपत्राची तपासणी असते. मला त्याने धीर येतो. माझ्या एका मैत्रिणीला रोज तो पहारा बघून धास्ती वाटायची, तिने मुलगी वायच्या प्रीस्कूलला घातली. दोघींचंही बरोबर आहे.

उन्हाळा आणि पैसे

जेसीसीचा डे कॅम्प सहसा सगळ्यांत महाग, आणि तरीही सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी मला तो सगळ्यांत आवडतो. बऱ्याच ठिकाणी बस असते, जेवण असतं, रोज पोहणं असतं, आणि पाऊस आला तर आत हॉल असतो. टाउनशिपचा कॅम्प खूप स्वस्त, पण तो अनेकदा दुपारीच सुटतो. वाय मधलं. तिथे कॅम्पच्या आधी आणि नंतर मुलाला ठेवायची सोय बहुधा मिळते, नोकरदारांना ती लागतेच.

कंपनीत डिपेंडंट केअर एफएसए (मुलांच्या सांभाळासाठी पगारातून कर कापण्याआधी पैसे बाजूला ठेवायची सोय) असेल तर तो विसरू नका. त्यातून तेरा वर्षांखालच्या मुलांचा डे कॅम्प आणि प्रीस्कूल यांचं शुल्क करमुक्त पैशातून भरता येतं. घरामागे मर्यादा 2025 पर्यंत वर्षाला 5000 डॉलर होती, 2026 पासून ती 7500 झाली. रात्री राहायचा कॅम्प यात बसत नाही.

सभासदत्व घ्यावं का, हे एका वजाबाकीने कळतं. बिगरसभासदाचं शुल्क वजा सभासदाचं शुल्क, गुणिले वर्षभरात घ्यायचे वर्ग. उत्तर वर्गणीहून कमी आलं तर बाहेरूनच वर्ग घ्या. जेसीसी आणि वाय दोन्हीकडे उत्पन्न बघून सवलत मिळते, आणि ती मागायला लाजू नका. देणगीदारांनी पैसे त्यासाठीच दिलेले असतात.

आणि मराठी शाळा

ती या रांगेत नाहीच. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या (उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांच्या मध्यवर्ती संस्थेच्या) मराठी शाळा शनिवार-रविवारी काही तास भरतात, शिकवणारे आपल्यातलेच आई-बाबा, जागा भाड्याची. तलाव नाही, व्यायामशाळा नाही. पण मूल आजीशी काय बोलणार, ते तिथे ठरतं. पोहण्याच्या वर्गाची वेळ आडवी आली म्हणून मराठी शाळा सोडलेली घरं मी पाहिली आहेत, आणि पाच वर्षांनी त्याच आया हळहळताना ऐकल्या आहेत. बाकीचं सगळं या तासांच्या भोवती बसवा.

आमचं या वर्षीचं ठरलंय ते असं. थोरला वायमध्ये पोहणं, शनिवारी टाउनशिपचं सॉकर, जुलैत जेसीसीचा कॅम्प. धाकटी जेसीसीच्या प्रीस्कूलमध्ये, शुक्रवारी तिला आणायचं काम बाबाचं. रविवारी दोघं मराठी शाळेत. सासूबाई मेमध्ये येताहेत. बुधवारी सकाळी बायकांच्या राखीव वेळेत त्यांना तलावात उतरायचंय. पोशाखाचं माप त्यांनी फोनवर आत्ताच सांगून ठेवलंय.